दोष आढळला नाही

मित्रांनो, मी एक मोटारगाडी आहे. जुनी म्हणू की नवी, हे माझं मलाच कळत नाही. वय अवघं चार वर्षांचं, पण बोलणी मात्र खटाऱ्याची खाल्ली.

कारखान्यात मी जन्मले तेव्हा कितीतरी हातांनी मला तपासलं. कुणी दारं पुन्हा पुन्हा उघडून मिटली, कुणी काचांवर पाणी मारून पाहिलं. इंजिनाच्या पोटात अंगठ्याएवढा एक सेन्सर बसवला. इंजिन फिरतंय हे सांगत राहायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या आत एक तार केसभर सुटी राहिली. ती कुणाला दिसली नाही. मलाही कळलं नाही.

मला घरी नेलं ते ताईने. सोबत तिचे वडील अण्णा आणि तिची लेक चिऊ. अण्णांनी सारी उमर बस चालवली होती. आता त्यांची मूत्रपिंडं थकली होती, आणि आठवड्यातून तीनदा दवाखान्यातल्या यंत्रावर त्यांचं रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. त्यासाठीच मला घेतलं होतं. शोरूममधला साहेब किल्ली देताना म्हणाला, "ताई, आता पाच वर्षं निर्धास्त." अण्णांनी माझ्या टपावर हात ठेवला, जसा सुनेच्या डोक्यावर ठेवावा. "दमवायचं नाही हं हिला," ते म्हणाले.

नव्याची नवलाई वर्षभर टिकली. मग एका दुपारी, सिग्नलच्या अलीकडे, मी बंद पडले. सेन्सर तापला की ती सुटी तार सुटायची, आणि इंजिनाला वाटायचं, आपण फिरतच नाही. वीस मिनिटांनी गार झाले की मी पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

ताई मला सर्व्हिस सेंटरला घेऊन गेली. इथेच घोडं पेंड खात होतं, मित्रांनो. अण्णांची जुनी सवय अशी की गाडी दमली की तिला दम खाऊ द्यायचा. सेंटरच्या फाटकाच्या आधी एक झाड होतं. "थांब जरा, गार होऊ दे. तापलेली गाडी कुणाच्या हवाली करू नये," ते म्हणायचे. मग आत टोकन घेऊन तासभर रांग. माझा नंबर लागेपर्यंत मी पाण्यासारखी थंड. तिथला साहेब मला घेऊन आवारात दोन फेऱ्या मारायचा, उतरायचा आणि कागदावर लिहायचा: 'दोष आढळला नाही. गाडी धुऊन दिली.'

असं सहा वेळा झालं. सहाही वेळा मला धुतलं. तिसऱ्या खेपेला साहेब म्हणाला, "मॅडम, तुमचा पाय क्लचवर नीट पडत नसेल."

अण्णा खुर्चीतून उठले. "साहेब, तुमचं वय आहे तेवढी वर्षं मी बस चालवली. लेकीला गाडी मीच शिकवली. क्लच कुठे असतो ते आम्हाला सापडतं."

साहेब हसला. "काका, मशीन खोटं बोलत नाही."

मी खोटं बोलत नव्हतेच. मला बोलताच येत नव्हतं.

सहाव्या खेपेनंतरची गोष्ट. त्या दिवशी यंत्रावरची अण्णांची पाळी अकराची होती. ऊन रणरणत होतं. मोठ्या पुलाच्या मधोमध, चढावर, माझा श्वास तुटला. मागून ट्रक येत होते, आणि मागच्या सीटवर चिऊ होती. ताईने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. अण्णा दार उघडून उतरले.

"अण्णा, बसा ना आत! मी उतरते."

"तू ब्रेक धर. चढावर गाडी सोडायची नसते. मागचं मी बघतो."

दवाखान्यातल्या एसीसाठी घेतलेला चिऊचा लाल स्वेटर हातात घेऊन ते माझ्या मागे उभे राहिले आणि ट्रकांना बाजूने काढू लागले. एक हात हलत होता, दुसरा माझ्या मागच्या धुळकट काचेवर टेकलेला. त्या हाताचा भार वाढत गेला, तो मला कळत होता. त्या उन्हात मला गार होऊन सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागली; तोवर ते तसेच उभे होते.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा पाळी दुसऱ्याला गेली होती. उद्या सकाळी या, असं सांगितलं.

दुसऱ्या सकाळी चहाच्या आधीच अण्णांना श्वास पुरेना. दारात रुग्णवाहिका आली. मी तिथेच अंगणात उभी होते, पण माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. भरवसा उरला होता कुठे? रुग्णवाहिकाच अण्णांना घेऊन गेली. अण्णा परत आले नाहीत.

महिन्याभराने ताई मला सातव्यांदा घेऊन निघाली. सवयीने झाडाखाली थांबली. तेव्हा चिऊ म्हणाली, "आई, माझं अंग गरम असलं की तू तशीच उचलून डॉक्टरकडे नेतेस. मग गाडीला गार करून का नेतेस?"

ताईने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग तिने मला वळवलं. भर उन्हात पुलावरून दोनदा नेऊन आणलं आणि इंजिन चालूच ठेवून फाटकात आडवी उभी केली.

"टोकन घ्या मॅडम," साहेब म्हणाला.

"टोकन राहू दे. आत्ता बसा. ती गरम आहे तोवर बसा."

मागे हॉर्न वाजू लागले, तसा तो स्टिअरिंगवर बसला, ताई शेजारी. चौकातल्या वळणावर मी बंद पडले. साहेबाने क्लच दाबला, किल्ली फिरवली. मागून आलेला टेम्पो वीतभर अंतरावर करकचून थांबला. साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. ताईने मला तशीच, गरम असतानाच, ढकलत आत न्यायला लावलं.

दहा मिनिटांत मिस्त्रीने सेन्सर शोधला आणि बदलला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

ताईने साहेबाला एकच गोष्ट बजावली होती: "गाडी धुऊ नका. मागच्या काचेला तर हातच लावू नका." त्या काचेवर, धुळीत, अण्णांची पाच बोटं उमटलेली होती. महिनाभर तिने ती जपली होती. चिऊ रोज शाळेतून आली की काचेला न लावता आपला पंजा त्यांच्यासमोर धरायची.

साहेबाने मान डोलावली होती. कागदावर लिहिलंही होतं. पण धुणाऱ्यांचा रिवाज असा की आत आलेली गाडी धुऊनच बाहेर जाते. कागद कोण वाचतो?

संध्याकाळी मी चकचकीत होऊन ताईसमोर उभी राहिले. चिऊने मागे जाऊन हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

मित्रांनो, आता मी कुठेही बंद पडत नाही. पण मी जिच्यासाठी आले होते ती अकराची पाळी आता नाही. तुमच्यातले कुणी उद्या मिस्त्री व्हाल, कुणी डॉक्टर, कुणी टेबलामागचे साहेब. समोरचा माणूस "दुखतंय" म्हणाला तर त्याच घडीला हात लावून पाहा, तो गार होण्याची वाट पाहू नका. आणि त्याने काही पुसू नका म्हटलं, तर तेवढं तरी राहू द्या.