हीरोनिमसबाबाचं ग्रहण

सूर्याचा उजवा काठ कुरतडला गेला, तेव्हा सगळं गाव पुलावर जमलं होतं. बायकांनी पदरासारखे ॲप्रन डोक्यावरून ओढले होते, पुरुष टोप्या काढून गुडघ्यांवर बसले होते. कोंबड्या अंगण सोडून खुराड्यात शिरल्या, तसा न्हावी पुटपुटला, "बाबा बोलला तस्सं झालं बघा."

बोलला होता खरा. पंधरा दिवसांपूर्वी हीरोनिमसबाबा कुठूनसा आला आणि चर्चसमोरच्या लिंडेनच्या झाडाच्या पारावर उभा राहिला.

"देवदूत गॅब्रिएल आला होता," त्यानं सांगितलं. "त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता. ढगांतून आला होता ना. मी म्हटलं, बस जरा, दमला असशील. तर म्हणाला, नको हीरोनिमस, अजून चौदा गावं करायची आहेत. एवढंच सांग लोकांना, दोन ऑगस्टला सकाळी देव सूर्यावर झाकण घालणार आहे."

लोकांना हे खरंच वाटलं. ओल्या हाताची गोष्ट कोण कशाला रचेल? तेव्हापासून बाबा घरोघर जेवत होता. देवदूताला बदकाची तंगडी आवडते, हेही आम्हाला त्याच्याकडूनच कळलं.

मग त्यानं झाकण का पडणार तेही सांगितलं. गावात एक चेटकीण आहे, म्हणाला. सूर्य काळा पडला की तिला पुलापलीकडे हाकला, म्हणजे झाकण उघडेल. पलीकडचा मुलूख पोपला मानणाऱ्यांचा, आमचा ल्यूथरच्या पंथाचा. चेटकीण म्हणून हाकललेल्या बाईचं पलीकडच्या कोर्टात काय होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. धूर आमच्या शेतांवरून दिसायचा.

चेटकीण म्हणजे आमची सुईण, कुनिगुंड. बाबानं एका बाळंतिणीला पाजायला मंतरलेलं पाणी दिलं होतं, ते तिनं दारातच ओतून टाकलं. एवढाच तिचा गुन्हा. त्यात गेल्या वसंतात एन्ड्रेस बेकरचं तान्हं मूल गेलं होतं. त्यामुळे तिला बांधायला दोरी शोधावी लागली नाही. एन्ड्रेसनं पिठाच्या पोत्याची आणली.

मी सिबिला, विणकराची विधवा. लढाईत आणि मागून आलेल्या साथीत माझा नवरा गेला, तीन मुलं गेली. तिघांना या जगात कुनिगुंडनं आणलं आणि तिघांचे डोळेही तिनंच मिटले. तेव्हापासून माझ्या आत फारसं काही हलत नाही. सूर्य जाताना पाहिला, तेव्हाही हललं नाही. देवाचं मात्र मी रोज करते. मनाला बरं वाटतं म्हणून नाही, नेम धरलाय म्हणून.

उजेड जुन्या कथलासारखा झाला. कुनिगुंड पुलाच्या मधोमध दगडावर बसली होती. माझ्या शेजारी शाळेचे मास्तर वेन्डेल उभे होते.

"सिबिलाकाकू," ते हळूच म्हणाले, "हे आपोआप उघडणार आहे."

"कशावरून?"

"मागच्या आठवड्यात शाळेसाठी कागद आणायला पलीकडे गेलो होतो. सराईच्या भिंतीला पंचांग टांगलंय. पहिल्याच पानावर वर्षाची ग्रहणं छापलीत. बारा ऑगस्ट, साडेदहाला सर्वांत जास्त, मग उतरणार."

"आज तर दोन तारीख."

"आपली दोन. त्यांची बारा. ते पोपच्या नव्या पंचांगानं दहा दिवस पुढे आहेत. सूर्य काही दोन नाहीत, काकू."

आमच्या गावाची खोड अशी की पोपचं पंचांग घरात आणलं तर पाप लागतं. त्यामुळे पलीकडच्या सराईत दारुड्यालाही ठाऊक असलेली गोष्ट आमच्याकडे देवदूतानं येऊन सांगावी लागली.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

मास्तरांनी मान खाली घातली. "पोपचं पंचांग वाचलं म्हटल्यावर शाळा गेली असती."

मला त्यांचा राग आला नाही. यायला हवा होता.

"आता," बाबा ओरडला. "आता हाकला तिला. लवकर."

एन्ड्रेस उठला. मी वाटेत जाऊन उभी राहिले.

"माझं आजचं स्तोत्र राहिलंय," मी म्हटलं. "ते होईपर्यंत थांबा. मग काय करायचं ते करा."

"कुठलं स्तोत्र?" गावप्रमुख ब्लाझिउसनं विचारलं.

"एकशे एकोणिसावं."

मागे कुणीतरी सुस्कारा सोडला. एकशे शहात्तर ओव्यांचं आहे ते.

"वेळ नाही," बाबा म्हणाला. "झाकण कायमचं बसेल."

"स्तोत्रानं झाकण बसतं होय?" ब्लाझिउसनं त्याच्याकडे पाहिलं. "आणि देवदूताला एवढी घाई कसली?"

माझं स्तोत्र अडवायची हिंमत गावात कुणाची नव्हती. सात वर्षांत मी ते एकदाही चुकवलं नव्हतं. मी सुरुवात केली. भरभर म्हटलं नाही, मुद्दाम हळूही म्हटलं नाही.

एवढ्यात मास्तरांनी एन्ड्रेसच्या दुकानातली पिठाची चाळणी आणली आणि पुलाच्या फरसबंदीवर उन्हात धरली. प्रत्येक भोकातून एक सूर्य खाली पडला. शेकडो बारीक कोरी, नखाच्या कडेएवढ्या.

"हे बघा," मास्तर म्हणाले. "वर बघू नका, डोळे जातील. इथं बघा. बाई इथंच बसलीय. सूर्य वाढला तर तिच्या जाण्यानं वाढला नाही."

मी साठाव्या ओवीला आले, तेव्हा कोरी जाड झाल्या. शंभराव्या ओवीला एक पोरगी म्हणाली, "आई, पावाच्या तुकड्याएवढ्या झाल्या." माझं स्तोत्र संपलं, तेव्हा खुराड्यातला कोंबडा आरवत होता. कुनिगुंड जागची हलली नव्हती.

"हिनं मंत्र घातला," बाबा म्हणाला. "म्हातारीनं."

"तिनं रोजचंच म्हटलं," ब्लाझिउस म्हणाला. "काल म्हटलं, तेव्हा काल कुठे सूर्य गेला होता?"

मग मास्तरांनी पंचांगाचं सगळं सांगून टाकलं. "आणि त्या पंचांगातलं ऑगस्टचं पान कुणीतरी फाडून नेलंय. सराईवाला अजून शिव्या देतोय. तीन आठवडे एक साधू उतरला होता म्हणे, बदक खाणारा."

एन्ड्रेसनं बाबाची झोळी हिसकावली आणि उलटी केली. वाळलेला पाव, हाडं, आणि घडी घातलेला छापील कागद. बारा तारखेसमोर काळा सूर्य छापला होता. बाजूला वेळही होती, साडेदहा.

एन्ड्रेसनं तो कागद ब्लाझिउसच्या हातात दिला. मग गुडघ्यावर बसून कुनिगुंडची गाठ सोडू लागला. आवळलेली दोरी सुटेना. तिनंच त्याला सांगितलं, "डावीकडून ओढ."

बाबाला वेशीबाहेर घालवलं. कुनिगुंडला लोकांनी दूध दिलं, शाल दिली, माफी मागितली. ती दूध प्यायली. दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून वरच्या रस्त्यानं ती बहिणीच्या गावी निघून गेली. ब्लाझिउस गाडी घेऊन मागे गेला, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या हातांना गाठ मारता येते, ते मी पाहिलंय."

आता आमच्याकडे बाई अडली की बैलगाडीनं तीन तास जावं लागतं. एन्ड्रेसच्या बायकोचे दिवस या नाताळात भरतील.

माझा देवावर विश्वास आहे, म्हणूनच लिहिते. त्यानं आपल्याला डोळे दिलेत आणि मोजण्याची अक्कल दिलीय. ती न वापरणं ही त्याची सेवा नव्हे. उद्या तुमच्या गावात कुणी चमत्कार घेऊन आला, तर त्याला हाकलू नका, पायाही पडू नका. एवढंच विचारा: याच्या सांगण्यावरून आपण काहीच केलं नाही, तर काय होईल? आणि मग, कुणाचे हात बांधण्याआधी, खरंच काही न करता थांबून बघा.