अख्खी मुशी

माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर आई हॉलमध्ये पालथी पडलेली. दोन्ही तळवे छातीशी, गाल सतरंजीला.

तीन महिन्यांपूर्वी माझे वडील, अण्णा, याच हॉलमध्ये असेच पडले होते आणि त्यांनाही आधी मीच पाहिलं होतं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

आई उठली. उठली म्हणजे उडालीच. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, हात पसरलेले.

"केवढ्याने ओरडतेस! खालचे लोक वर येतील ना."

मी भिंतीला टेकून खाली बसले.

"सर्फिंगमध्ये फळीवर असंच उठायचं असतं. हर्षालीने व्हिडिओ पाठवलेत," आई म्हणाली.

हर्षाली माझी मामेबहीण, गोव्यात लाटांवर उभं राहायला शिकवते. आई एकसष्ट वर्षांची. डिसेंबरचं तिकीटही काढून झालं होतं.

"आई, तू चांदवडची आहेस."

"मग? पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेय मी. तुझ्यासारखी क्लोरीनच्या टाकीत नाही."

"विहिरीत शार्क नसतात."

तोंडाला आलं ते बोलले. पण आईचा चेहरा उतरला.

"त्याचीच भीती वाटते गं. डोळे मिटले की काहीतरी पाय धरतं. हर्षाली हसते. म्हणते, आत्या, एवढ्या उथळ पाण्यात काही येत नाही. पण भीतीला कुठं खोली कळते?"

"मग नको जाऊस."

"म्हणून तर सकाळी मासळी बाजारात गेले."

अण्णा गेल्यापासून घरात मासळी आली नव्हती. तिने फ्रीजमधून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली आणि ओट्यावर सोडली. राखाडी, हातभर लांब, डोक्यासकट.

"बाईला विचारलं, शार्क आहे का? ती म्हणते, शार्क बिर्क नाय ताई, मुशी हाय. म्हटलं मुशीच दे, पण अख्खी."

मुशी म्हणजे शार्क, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मुशीचं कालवण तर लहानपणापासून खात होते. दोन्ही एकच मासा आहे, हे मात्र त्या ओट्यापाशी पहिल्यांदा कळलं.

"चारदा हिच्या तोंडात बोट घातलंय," आई म्हणाली. "निम्मी भीती गेली."

"आई, तूसुद्धा जर..."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अण्णा घरात गेले, शुभा. चहा पिऊन. इथे कुठला मासा होता?"

कानशिलात बसावी तसं झालं. तीन महिन्यांत आम्हा दोघींपैकी कोणीही हे उच्चारलं नव्हतं.

"ये इकडे. घाल बोट."

"नको."

"घाल गं. मेलीय ती."

आत थंडगार होतं. दात तांदळाच्या कणीएवढे, आत वळलेले. बोट काढताना एक टोचला. आईने माझं बोट नळाखाली धरलं, रक्त थांबल्यावरही धरून ठेवलं.

"किती दिवसांचं शिकणं आहे?" मी विचारलं.

"पाच."

"मी रजा टाकते. पण पाण्यात उतरणार नाही. काठावर बसेन."

"काठावर बसून काय करशील?"

"तुझ्याकडे बघेन."

"आणि मी बुडाले तर? बघतच बसशील?"

मी हर्षालीला फोन लावला आणि माझंही नाव घाल म्हटलं. तिने उंची आणि वजन विचारलं. फळी त्यावरून ठरते म्हणाली.

मी वजनाचा आकडा सांगायला तोंड उघडलं, तशी आई मागून म्हणाली, "खरं सांग."