तिसऱ्या पंतप्रधानांची कॉफी

आमच्या नौफाची, माझ्या धाकट्या बहिणीची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला राजधानीत न्यायचं. तीन तास जायला, तीन यायला. गावच्या दवाखान्यात एक यंत्र बसवा, एवढंच आमचं मागणं. त्यासाठी दोन वर्षांत तिसऱ्यांदा आम्ही पंतप्रधानांच्या दिवाणखान्यात बसलो होतो. पंतप्रधान तिसरे, आम्ही मात्र तेच!

टोळीचे वडीलधारे हायेलकाका. त्यांनी कॉफीचा कप न पिता समोर ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही, आणि पाहुणा न पिता उठला तर यजमानाचं नाक कापलं जातं.

"प्या हो हायेलकाका. यंत्र दिलं," पंतप्रधान गालेब पाशा म्हणाले.

सगळ्यांनी कप उचलले. मी नाही उचलला.

"तुझं काय रे?"

"पाशा, आधीच्या दोघांनीही असंच दिलं होतं. महागाईवरून लोक रस्त्यावर आले, की राजेसाहेब पंतप्रधानाला घरी पाठवतात. नवा येतो आणि म्हणतो, तो शब्द त्याचा, माझा नाही. तुम्ही आत्ताच कागदावर सही करा."

काकांनी माझ्या मांडीला करकचून चिमटा काढला. "मिफ्लेह, अब्रू घालवलीस! पी मुकाट्याने!"

पाशा हसले. "रविवारी ये. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून कचेरी उघडली की करतो सही."

प्यायलो मी. काय करणार? टोळीचे चौदा म्हातारे डोळे वटारून बघत होते. स्वतःचीच चीड आली.

शनिवारी रेडिओवर बातमी: पेट्रोलच्या दरावरून दंगल, राजेसाहेबांनी सरकारचा राजीनामा स्वीकारला. चौकात लोक कनाफ्याची मिठाई वाटत सुटले. अरे, पेट्रोलचा दर तोच आहे की! तोंड गोड कसलं करताय?

सोमवारी काकांचा फोन. "मिफ्लेह, नवे पंतप्रधान तुझ्या आजोळच्या टोळीतले! गुरुवारी जाऊ. यावेळी तरी तोंड सांभाळ."

"काका, यावेळी कप राजवाड्यात ठेवू या. नेमणारा तोच, काढणारा तोच. शिव्या खायला ठेवलेल्या माणसाकडे काय मागायचं?"

"डोकं फिरलंय का तुझं? फोनवर राजेसाहेबांबद्दल असलं बोलतोस? कुणी ऐकत असलं तर?"

"मग बोलू कुठे? नौफाकडे असे किती गुरुवार उरलेत, ते तरी सांगा!"

काकांनी फोन ठेवून दिला.