प्रुडन्स काचेत जाणार नाही

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे आणि मी चालू आहे. यातला दुसरा भाग नीट ऐका. "जुने" म्हटले की लोकांच्या चेहऱ्यावर आजाऱ्याला बघायला आल्यासारखा भाव येतो. आवाज खाली जातो आणि कोणीतरी हळूच म्हणते, "आता आराम द्या बिचारीला." मला आराम नको. सत्तेचाळीस वर्षे मी आराम केला आहे, तोही वाटाण्याच्या वेलाखाली. पुरे झाला.

माझे नाव प्रुडन्स. ते मला चालवणाऱ्या मुलींनी ठेवले, म्हणून मी स्वतःला बाईच समजते. १९४४ सालच्या थंडीत टेलिफोन खात्याच्या कारागिरांनी मला अकरा आठवड्यांत उभे केले. लोखंडी पलंगासारखा सांगाडा, त्यावर आठ चाके, एक प्रखर दिवा आणि दिव्यासमोर प्रकाश टिपणारे पाच डोळे. शत्रूचे गुप्त संदेश हवेतून पकडले जात आणि कागदाच्या लांब फितीवर भोकांच्या रूपात उतरवले जात. त्या फितीची दोन टोके जोडून माळ करायची, माझ्या चाकांवर चढवायची आणि पळवायची. फीत धावत्या मोटारीच्या वेगाने फिरे. मी भोके मोजत जाई आणि त्या दिवशीचे कुलूप कोणत्या किल्लीने लागले आहे ते शोधून देई. एक किल्ली सापडली की दूर समुद्रावर एखादे जहाज बुडायचे वाचत असे. कोणते, ते मला कोणी कधी सांगितले नाही.

मुलींनाही सांगितले नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या त्या पोरी, निळ्या गणवेशातल्या. पहिल्याच दिवशी एका अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे कागद ठेवला, सह्या घेतल्या आणि सांगितले, "इथलं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही. बोलायची परवानगी मिळाली की तुम्हाला तसं कळवण्यात येईल." मुली "हो सर" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. माझ्या दिव्याच्या उष्णतेने खोली भट्टी होई. त्या बाह्या सरसावून काम करत, मला शिव्या घालत, आणि फीत न तुटता गेली की माझ्या सांगाड्यावर थोपटत. एकदा एक मोठे साहेब पाहणीला आले आणि कौतुकाने त्यांनी माझ्या दिव्याच्या पेटीवर हात ठेवला. पुढचे दोन दिवस त्यांचा हात पट्टीत होता. मुलींना हसू आवरेना. माझे यश म्हणाल तर तेच दिवस.

युद्ध संपले आणि मला मोडून टाकायचा हुकूम निघाला. ज्यांनी मला बांधले त्यांनाच हातोडे दिले. माझे बहुतेक नकाशे कोळशाच्या शेगडीत गेले. माझ्यासारख्याच इतर यंत्रांचे, माझ्या बहिणींचे, तुकडे झाले, ते मी पाहिले. मी वाचले ते सिरिल हॉबडे नावाच्या कारागिरामुळे. त्याने माझा सांगाडा, चाके आणि दिव्याची पेटी भंगाराच्या गाडीतून स्वतःच्या भाजीच्या वाफ्यावर नेली आणि माझ्यावर वाटाण्याचे वेल चढवले. कोणी विचारले तर म्हणायचा, "जुना पलंग आहे." दर उन्हाळ्यात त्याचे वाटाणे गावच्या प्रदर्शनात पहिले येत. बक्षिसाची चिठ्ठी माझ्या लोखंडाला बांधली जाई आणि लोक वाटाण्यांचे कौतुक करत. मला राग येत असे, अजूनही येतो.

सिरिल म्हातारा होऊन गेला तेव्हा त्याच्या मुलीने मार्लकोट हॉलमधल्या संग्रहालयाला फोन केला. संग्रहालय म्हणजे पत्र्याच्या चार बराकी आणि त्यात जुनी संगणक यंत्रे दुरुस्त करत बसणारे निवृत्त लोक. पगार कोणालाच नाही. त्यांचा म्होरक्या लेन गारसाइड. आयुष्यभर टेलिफोन खात्यात काम केलेला, जाड भिंगांचा, हट्टी माणूस. मला ओळखायला त्याला एक मिनिट लागले. मला उभी करायला त्याला नऊ वर्षे लागली.

आणि मी उभी राहिले, दिवा लागला, चाके फिरली. फक्त फीत टिकेना.

पाच मिनिटे, फार तर सात, की फटकन सांध्यापाशी तुटायची. लेनने उत्तमातला उत्तम गोंद आणला. मग परदेशी चिकटपट्टी आणली. सांधा जितका मजबूत, तितकी फीत लवकर तुटे. एका रविवारी तुटलेले टोक सपकन उडाले आणि बघायला आलेल्या एका गृहस्थांच्या गालावर लांब ओरखडा काढून गेले. गृहस्थ सज्जन होते, उलट त्यांनीच माफी मागितली. पण विश्वस्तांच्या अध्यक्षा मिसेस मॉरा कॅल्डिकॉट यांनी लेनला बोलावून घेतले.

बाई वाईट नव्हत्या, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगेन. त्या म्हणाल्या, "लेन, उद्या एखाद्या पोराचा डोळा जाईल. मग तुझं यंत्रही जाईल आणि बराकीलाही टाळं लागेल. हिला बंद करू, काचेत ठेवू. बाजूला पडदा लावून चित्रफीत दाखवू. सुबक दिसेल."

"बंद यंत्र म्हणजे लोखंड, मॉरा. लोखंड बघायला कोण येणार?"

"येत्या गुरुवारी मी स्वतः येते. अर्धा तास न तुटता चालवून दाखव. नाही जमलं तर शुक्रवारी काचवाला येईल. मोजमाप त्याने घेतलेलंच आहे."

तो माप घ्यायला आला तेव्हाच मला कळायला हवे होते. मी त्याला शिंपी समजले होते.

गुरुवारी मिसेस कॅल्डिकॉट घड्याळ हातात घेऊन बसल्या. नेमकी त्याच दुपारी एका गावच्या, हिरवळीवर संथ चेंडूखेळ खेळणाऱ्या मंडळाची सहल बस भरून आली. सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यातले एक जोडपे माझ्याभोवतीच्या दोरीपाशी उभे राहिले. तो विल्फ पॉपलवेल, निवृत्त दूधवाला, पाटीवरचे सगळे मोठ्याने वाचून दाखवणारा. त्याच्या शेजारी बायको एनिड, करड्या कोटातली, हातातली पर्स पोटाशी धरून.

"बघ एनिड," विल्फ म्हणाला, "इथे लिहिलंय, ही फितीवरची पाच हजार अक्षरं सेकंदात वाचते. तुझ्या टायपिंगपेक्षा बरी आहे की."

"हो का," एनिड म्हणाली.

"ही युद्धात टायपिस्ट होती," विल्फने लेनला सांगितले. "कुठल्याशा कचेरीत. कंटाळवाणं काम. त्यावर कधी एक वाक्य बोलली नाही, इतकं कंटाळवाणं."

लेनचे लक्ष नव्हते. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने बटण दाबले आणि मी धावू लागले. चौथ्या मिनिटाला माझ्या तिसऱ्या चाकाचा सूर किंचित बदलला. इतका किंचित, की लेनलाही कळला नाही. एनिडने मात्र विल्फची बाही धरून त्याला दोन पावले मागे ओढले.

"अगं, काय झालं?"

"तुटेल आता," ती म्हणाली. आणि फीत तुटली.

मित्रांनो, मला डोळे पाचच आहेत आणि ते फक्त भोके बघतात. पण त्या क्षणी मी तिला ओळखले. मला वाटले, आता ही बोलेल. पण कसले काय. मिसेस कॅल्डिकॉटनी घड्याळ पर्समध्ये ठेवले, लेन खाली वाकून फितीचे तुकडे गोळा करू लागला आणि एनिड विल्फला घेऊन चहाला निघून गेली. आयुष्यात मला इतका संताप आला नव्हता, वाटाण्यांच्या दिवसांतसुद्धा नाही.

पुढचे मला नंतर विल्फकडून कळले. चहाघरात एनिडने पावाला लोणी लावले आणि खाल्ले नाही. बसमध्ये जाऊन बसली. चालकाने माणसे मोजली, इंजिन सुरू केले. तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "माझी छत्री राहिली." छत्री तिच्या हातातच होती. विल्फ बडबडत मागोमाग उतरला.

बराकीत येऊन ती लेनजवळ उभी राहिली. आधी दाराकडे पाहिले, मग खालच्या आवाजात विचारले, "सांध्यावर शंखजिरं लावता का तुम्ही?"

"काय?"

"शंखजिऱ्याची पूड हो. अंगाला लावतात तसली."

लेनने हातातली फीत खाली ठेवली. "बाई, हे तुम्हाला कोणी सांगितलं? उरलेल्या नकाशांत तर असं काही नाही."

"नकाशात कसं असेल? नकाशे पुरुषांनी काढले. सांधे आम्ही करायचो." मग तिने पुन्हा दाराकडे पाहिले. "मी जास्त बोलले. मला बोलायची परवानगी नाही."

विल्फने टोपी काढली. "एनिड, काय चाललंय हे?"

"बाई," लेन काकुळतीला आला, "ती बंधनं उठून पंचवीस वर्षं झाली. पुस्तकं निघाली. शाळेतली पोरं इथे येऊन गणितं सोडवतात."

"मला कोणी कळवलेलं नाही," एनिड म्हणाली. "परवानगी मिळाली की कळवू, असं सांगितलं होतं. मी तीनदा घर बदललं आणि तिन्ही वेळा पोस्टात नवा पत्ता दिला. पत्र आलं नाही."

कोणी हसले नाही. सत्तावन्न वर्षे ही बाई एका पत्राची वाट बघत होती. पेपरात आलेले तिने वाचले होते, दूरदर्शनवर पाहिले होते. पण ते सगळे इतरांसाठी होते, सही तिची होती.

मग विल्फ अजून खुर्चीत बसलेल्या कॅल्डिकॉटबाईंकडे वळला. "इथल्या मुख्य तुम्हीच ना? मग तुम्ही सांगा हिला. माझं ती कधीच ऐकत नाही."

मला वाटले, झाले. हीच बाई मला काचेत घालणार आणि हिच्याच हातात माझे सगळे आले. मिसेस कॅल्डिकॉट उठल्या. कोट खाली ओढून सरळ केला.

"तेव्हाचं नाव काय तुमचं?"

"एनिड रडॉक, मॅडम."

"एनिड रडॉक, तुम्हाला कळवण्यात येत आहे की तुम्हाला बोलायची परवानगी आहे. उशीर झाला. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

एनिडने मान डोलावली. मग कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि लेनला म्हणाली, "तो गोंद टाका बाहेर. पातळ हवा. आणि कात्री आणा, ही कसली बोथट."

टोके तिरकी कापली. गोंदाचा नुसता हात फिरवला. इस्त्री मागवली, कोमट झाल्यावर सांध्यावर ठेवली. शंखजिरे नव्हते, तेव्हा बसमधल्या एका बाईच्या पर्समधून पावडरीचा डबा आला. मग सांधा तिने बोटावर वाकवून पाहिला. "हा वाकला पाहिजे," ती लेनला म्हणाली. "तुम्ही त्याला भिंत करून ठेवलं होतं. चाकावर भिंत कशी वळेल?"

तोवर बसचा भोंगा वाजून वाजून थकला होता. चालक भांडायला म्हणून आत आला आणि तिथेच उभा राहिला. त्याच्या मागून अख्खे मंडळ आले.

मी धावले. पाच मिनिटे, दहा, वीस. एनिड बोलत होती, थांबतच नव्हती. कोणत्या पाळीत कोण झोपायची, कोण रडायची, दिव्यावर पाव कसा भाजायचा, सगळे. विल्फ तिच्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. एकेचाळीस मिनिटांनी लेनने मला बंद केले, कारण मिसेस कॅल्डिकॉटना बोलायचे होते आणि माझ्या आवाजात ऐकू येत नव्हते.

"काचवाल्याला मी फोन करते," त्या म्हणाल्या. "पण एक अट आहे. हा सांधा करणारं माणूस हजर असेल त्याच दिवशी ही चालेल. नाहीतर नाही."

दाराशी विल्फने बायकोला विचारले, "बावन्न वर्षं झाली लग्नाला. आणखी काय काय लपवलंयस?"

"तुझी आई मला आवडत नव्हती," एनिड म्हणाली.

त्यानंतर सहा वर्षे ती दर गुरुवारी आली. तिने लेनला शिकवले, आणखी चौघांना शिकवले. विल्फ कोपऱ्यात बसून चहा पीत असे आणि तिच्या गोष्टी ऐकत असे. मग एका हिवाळ्यात ती गेली. पुढच्या गुरुवारी कोणी मला हात लावेना. तेव्हा विल्फ पुढे आला, त्याने बाह्या वर केल्या आणि कात्री मागितली. त्याची बोटे दुधाच्या बाटल्यांनी जाड झालेली. पहिले तीन सांधे तुटले. चौथा चालला. आता तो नव्वदीला टेकला आहे आणि आमच्याकडचे सगळ्यात चांगले सांधे तोच करतो. करताना तो तिच्याशी बोलतो, अगदी मोठ्याने, आणि आम्हाला कोणाला त्याचे नवल वाटत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या असे मीही सांगते. पण काळजी म्हणजे धूळ पुसणे नव्हे. तुमच्या घरात, तुमच्या गावात एखादे माणूस असेल, ज्याच्या हातांना ठाऊक असलेले अजून कुठल्याच कागदावर उतरलेले नाही. त्याला आजच विचारा. ते परवानगीची वाट बघत असेल, तर ती तुम्ही द्या. आणि आमच्या पत्र्याच्या बराकीत याल तेव्हा तिकीट काढा, दोरीबाहेर उभे राहा, फोटो घ्या, सगळे करा. मग दोरी उचलून आत या. विल्फच्या शेजारी एक स्टूल रिकामे आहे आणि त्याची दृष्टी अधू होत चालली आहे. गुरुवारी दुपारी दोन वाजता. मला बघायला येऊ नका, चालवायला या.