चार कड्यांपायी अडलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. रंग पिवळा, अंग बुटकं, आवाज मात्र डोंगरभर घुमणारा. आबांनी मला घरी आणलं तेव्हा त्यांचे केस काळे होते. टेकडीच्या चढावर आम्ही दोघांनी कितीतरी शर्यती मारल्या. मग आबांचे गुडघे थकले आणि मी ताडपत्रीखाली गेले. माझ्या सीटवर मांजर व्याली, आरशावर कोळ्यानं संसार थाटला.

यंदा आबांनी हट्टच धरला, "एकदा तरी तो चढ चढायचाय." धाकटीनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, किल्ली फिरवली. मी खोकले, धडधडले, आणि पेट्रोलचा वास सुटला. तिनं झटकन मला बंद केलं.

पेट्रोलचा बारीक फवारा सोडणारे चार इंजेक्टर माझ्या इंजिनात आहेत. प्रत्येकाच्या गळ्यात रबराचं एक कडं. ती कडी सुकून तडकली होती आणि तिथून पेट्रोल झिरपत होतं. तापल्या इंजिनावर थेंब पडला असता तर भडकाच!

कंपनीवाले म्हणाले, सुटी कडी मिळत नाहीत, अख्खे इंजेक्टरच घ्या. किंमत ऐकून दादा, आबांचा थोरला, मटकन खाली बसला.

"नाकापेक्षा मोती जड! रविवारी भंगारवाल्याला बोलावतो."

"बोलाव," धाकटी म्हणाली. तिचं स्वतःचं गॅरेज होतं. "तोवर मी बघते."

तिनं नळाच्या सामानाच्या दुकानातून स्वस्तातली कडी आणली आणि आधी बरणीत पेट्रोल घालून भिजवली. सकाळी पाहते तर बेडकीसारखी फुगलेली!

"आता यांचीच चाकं कर," दादा हसला.

मग पेट्रोल पचवणाऱ्या रबराची आणली, जुन्या कड्याच्या मापाची. ती सैल बसली. खुर्चीतून आबा म्हणाले,

"अगं, म्हाताऱ्याचा सदरा बघून नवरदेवाचं माप घेतेस? ते कडं दबून दबून चपटलंय. ते बसतं ती खाच मोज!"

धाकटीनं जीभ चावली, खाच मोजली आणि यंत्रांची रबरी सील विकणाऱ्या मावशींकडे गेली.

"कुठल्या गाडीची?"

"गाडीचं नाव नका विचारू मावशी, नाव घेतलं की भाव चढतो. माप घ्या, रबर पेट्रोलला टिकणारं द्या."

मावशी खळखळून हसल्या. "बरोबर आहे बाई. कड्याला कुळ विचारून काय करायचं?"

चार कडी आली, एका साध्या जेवणाच्या पैशात! बरणीत भिजली, फुगली नाहीत. तेलाचा थेंब लावून धाकटीनं ती माझ्या गळ्यात घातली. किल्ली फिरली. खाली धरलेला पांढरा कागद कोरडा तो कोरडाच!

रविवारी भंगारवाला दारात आला, तेव्हा आबा माझ्या स्टिअरिंगवर बसले होते आणि शेजारी धाकटी. मी अशी गरजले की त्याच्या हातातला तराजू हलला.

"दादा, याला काय देऊ?" धाकटीनं विचारलं.

"ती ताडपत्री दे!" दादा ओरडला आणि मागच्या सीटवर उडी मारून बसला.

चढ मी एका दमात चढले. माथ्यावर आबा माझ्या टपावर ताल धरून गाऊ लागले,

"इवलं इवलं कडं गं, अडलं माझं गाडं गं,
कडं भेटलं मापाचं, चढणं झालं थोडं गं!"

मित्रांनो, घरातलं जुनं काही अडलं तर लगेच ताडपत्री टाकू नका. नेमकं काय झिजलंय ते शोधा, आणि माप झिजल्याचं नाही, जागेचं घ्या. आता सरका जरा बाजूला, आबांना आणखी एक फेरी हवी आहे!