डावी बाजू

सुईदोऱ्याशी धाकटीचं कधी जमलंच नाही. तिचे कपडे प्रिंटर घडवायचा. अंगाचं माप स्कॅनर घ्यायचा, मग ती संगणकावर आकार ओढूनताणून शिंपल्यासारखं कडक कवच रचायची आणि मशीन ते थरावर थर चढवत छापायचं. "हे घालून माणसानं बसायचं कसं?" आई विचारायची. "बसायचंच नाही," धाकटी म्हणायची.

या खेपेचं कवच ताईसाठी होतं. ऑपरेशनमध्ये ताईचा डावा स्तन काढावा लागला, तेव्हापासून घरातला जो तो तिला झाकायला टपलेला. मावशीने सैल कपडे आणले. आईने भीत भीत विचारून कापसाची छोटी उशी शिवून दिली, ती ताईने पर्समध्ये टाकली आणि कधी लावली नाही. एकट्या धाकटीने म्हटलं होतं, "तू आहेस तशीच घडवते तुला. चालशील माझ्या फॅशन शोमध्ये?" तेव्हा ताई कितीतरी महिन्यांनी मनापासून हसली होती आणि स्कॅनरसमोर निमूट उभी राहिली होती.

शोच्या दिवशी पडद्यामागच्या खोलीत ताईने कवच चढवलं. पाठीचे खटके धाकटीनेच लावले आणि समोर आरशात पाहिलं. दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या.

घोळ कुठे झाला ते तिला तिथेच उमगलं. वेळ वाचावा म्हणून ती कायम उजवी बाजूच घडवायची. तिचीच उलटी प्रत संगणक डावीकडे जोडायचा. याही वेळी हात सवयीने चालला. दोन्हीकडे सारखं म्हणजे बरोबर, एवढंच तिच्या डोळ्यांना ठाऊक. तिला स्वतःची शिसारी आली.

ताईने डाव्या बाजूवर बोटाने टकटक केलं. आत पोकळ वाजलं.

"ताई, चुकलं गं माझं. सवयीने झालं. नको घालूस तू."

"आणि तुझा शो? शेवटचा कपडा हाच ना?"

"खड्ड्यात गेला शो."

"वर्षभर राबलीस. आता वेड्यासारखं करू नकोस." ताईचा आवाज जराही चढला नव्हता, आणि धाकटीला तेच सोसवेना. मग ताई आरशाकडे बघत म्हणाली, "आईने निदान विचारलं तरी होतं."

बाहेर संगीत सुरू झालं. ताई दोन पावलं चालून पाहू लागली, पण आत आधार नसल्याने डावीकडचं कवच हलत होतं आणि त्याची कड व्रणावर घासत होती.

"माझी पर्स दे," ताई म्हणाली.

धाकटीने दिली. ताईने तळाशी हात घालून आईची उशी काढली. अजून कोरी होती.

"माझा हात नाही पोचायचा आत," ती म्हणाली. "तूच बसव."

धाकटीने पाठीचे खटके सोडले.