चोवीस तारीख की नवमी

सुप्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात जेवणाची सुट्टी चालू होती. सहादेव कानाला मोबाईल लावून पॅकिंग शेडच्या बाहेर येरझाऱ्या घालत होता.

"शनिवारी नवमी हाय, सहादू. साऱ्यांना आवतान गेलंय," पारनेरहून थोरली बहीण गीताबाई सांगत होती.

"आक्का, साळू चोवीस डिसेंबरला गेली. वरीस चोवीसलाच भरतंय न्हवं?"

"वर्षश्राद्ध तारखेनं घालत्यात व्हय रं? तिथी बघत्यात! बाराव्याला गुरुजींनी तुझ्यादेखत सांगितलं."

सांगितलं असेल. तेव्हा त्याच्या कानात काहीच शिरत नव्हतं. सणवार, तिथ्या त्याची बायको साळूबाईच बघायची.

त्यानं शिफ्टचं ॲप उघडलं. त्यात प्रत्येक कामगाराचं स्वतःचं कॅलेंडर होतं. ज्या दिवशी जमणार नाही तो दिवस लाल केला, की ॲप त्या दिवशी पाळी लावत नसे. सहादेवनं चोवीस डिसेंबर जानेवारीतच लाल करून ठेवला होता. वर्षभरात तेवढा एकच. तेरा तारखेच्या शनिवारी मात्र पहिली पाळी लागली होती.

तो तडक सुपरवायझर राजेश्वरी मॅडमकडे गेला.

"काका, महिन्याचं वेळापत्रक लागलं की मलाही हलवता येत नाही. कुणी बदली देत असेल तर बघा."

शनिवारी मोकळा फक्त अजिनाथ होता. त्याच्या कॅलेंडरात दर शनिवार लाल, आणि पुढे लिहिलेलं, 'शनिशिंगणापूर'. तो नळावर डबा धूत होता.

"आज्या, परवा माझी पाळी घे."

"शिंगणापूर लिहिलंय की. वाचता येतंय न्हवं?"

"तू गेल्तास का कधी?"

"एकदाबी न्हाई. पर ॲपला काय ठावं? आन् देवाचं नाव बघून मॅडमबी काय बोलत न्हाईत." अजिनाथ हसला. मग सहादेवच्या तोंडाकडे बघून त्यानं डबा खाली ठेवला. "काय झालं रं?"

"साळूचं वर्षश्राद्ध हाय. मी येडा तारीख धरून बसलो."

अजिनाथनं ओले हात पँटला पुसले आणि मोबाईल काढून त्या एका शनिवारची लाल खूण काढली. "शनिदेव कोपला तर तुझ्याकडं धाडतो बघ."

दोघं मॅडमकडे आले. त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "बदल्यात काकांना अजिनाथची एक पाळी घ्यावी लागेल. रविवार सोडले तर काकांचा मोकळा दिवस एकच दिसतोय. चोवीस. आता त्या दिवशी काही नाही ना, काका?"

सहादेव या पायावरून त्या पायावर झाला. गेल्या वर्षी चोवीसला सकाळी सव्वानऊला, नगरच्या दवाखान्यात, साळूनं पाणी मागितलं होतं. तो बाटली भरायला खाली गेला होता. नळाला रांग होती. वर आला तेव्हा नर्स पडदा ओढत होती. या चोवीसला त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं घरात बसायचं होतं, सव्वानऊ वाजून जाईपर्यंत. पण हे मॅडमला काय सांगायचं? आणि तिकडं पाव्हणे शनिवारी येणार. पान वाढायला नवराच नाही, असं कसं चालेल?

"न्हाई. काय न्हाई," तो म्हणाला. दारापर्यंत जाऊन परत फिरला. "मॅडम, चोवीसला मला पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यावर नका लावू. गोदामात ठेवा."

"का हो?"

"पट्ट्यावर हात थांबवता येत न्हाई."

मॅडमनी चोवीसची लाल खूण काढली आणि तिथं 'गोदाम' लिहिलं.